सही दहा केबीची कशी करायची, साहेब?

प्रति,
ऑनलाइन अर्जांची संकेतस्थळं बनवून घेणारे सगळे साहेब,
आणि ती बनवणारे हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातले सगळे मित्र,

स. न. वि. वि.

पत्र खुलं लिहितोय, कारण बंद पाकिटातून पाठवायची सोय राहिलेली नाही. मध्यंतरी एका संकेतस्थळाच्या तक्रारीच्या पानावर गेलो. तक्रार लिहिली आणि पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडायला गेलो, तर उत्तर आलं : फाइल ५० केबीपेक्षा मोठी आहे. माझी तक्रार नेमकी याच वाक्याबद्दल होती. (केबी म्हणजे किलोबाइट, फाइलचं वजन मोजायचं माप : साधारण हजार बाइटचा एक केबी, हजार केबीचा एक एमबी.)

सदाशिव पेठेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवर राहणारी बीड, लातूर, बुलढाणा, नंदुरबारची पोरं. भरतीची जाहिरात आली की गर्दी, आणि शेवटच्या तारखेला तर विचारूच नका. फॉर्म ही पोरं मोबाइलवर स्वतःच भरतात, मला विचारायला येत नाहीत. येतात ती एवढंच म्हणायला : "काका, फोटो-सही केबीत बसवून द्या." घटनादुरुस्त्या क्रमांकासकट सांगणारी ही मुलं एका सहीपाशी अडून बसतात. तुमच्या कार्यालयातून हे दिसत नसणार, म्हणून दुकानातून जे दिसतं ते लिहितो.

आधी सहीचंच बघू. बँक भरतीची कुठलीही जाहिरात काढा. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०, आणि हातानं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ८०० बाय ४००, ५० ते १०० केबी. वर्षानुवर्षं हेच आकडे छापून येतात आणि आता मला ते पाढ्यांसारखे पाठ आहेत. पण सहीच्या आकड्यांचा कुणी कधी गुणाकार करून बघितलाय का? १४० गुणिले ६० म्हणजे ८,४०० पिक्सेल, म्हणजेच ठिपके. एका ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून तीन बाइट. झाले २५,२०० बाइट, म्हणजे जेमतेम पंचवीस केबी. हा झाला काहीही न दाबता, जशीच्या तशी ठेवलेल्या सहीचा आकार. जेपीईजी हा फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार, आणि त्याचं कामच मुळी दाबण्याचं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची एक रेघ, ती दाबली की सहज तीन-चार केबीत मावते. आणि तुमची अट काय, तर किमान दहा!

म्हणजे फाइल लहान करायला आलेल्या पोराची सही मला फुगवून द्यावी लागते. क्वालिटी, म्हणजे किती कमी दाबायचं तो आकडा, शंभरवर न्यायची. तरी पुरत नाही. मग कागदाचा खरखरीतपणा, शाईचे शिंतोडे, स्कॅनरच्या काचेवरची धूळ हे सगळं मुद्दाम राहू द्यायचं, कारण स्वच्छ पांढरा रंग जेपीईजीला फार स्वस्त पडतो आणि घाण महाग पडते. एवढं करूनही आकडा वर गेला नाही, तर पिक्सेलच दुप्पट-अडीचपट करायचे आणि संकेतस्थळ पिक्सेल तपासत नसेल अशी आशा ठेवायची. बऱ्याचदा ते तपासतही नाही. मग १४० बाय ६० छापलं कशाला होतं, हे तुम्हीच सांगा.

किमान मर्यादा कशासाठी ठेवली असेल, याचा अंदाज मला आहे. धुरकट फोटो येऊ नयेत म्हणून. हेतू चांगला आहे, पण केबी हे काही स्पष्टतेचं माप नव्हे. हललेला फोटो ताणून मोठा केला की केबी वाढतात, चेहरा तेवढाच पुसट राहतो. धुरकटपणा ओळखायचाच असेल तर माणूस बसवा, नाहीतर तो ओळखणारा प्रोग्रॅम लावा. केबी मोजून तो कळत नाही.

तीच गोष्ट 'केबी'ची. तुमचे वीस केबी म्हणजे २०,००० बाइट की २०,४८०? माझा विंडोज १०२४नं भागतो. २०,२०० बाइटची फाइल तो १९.७ केबी दाखवतो, आणि हजारानं भागणारं संकेतस्थळ तीच फाइल परत फेकतं. पोरगं माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणतं, "काका, बसतंय की!" त्याला काय सांगू?

फोटोकडे येतो. आजच्या साध्या मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा, म्हणजे बारा मेगापिक्सेल, वजनाला तीन ते पाच एमबी. डब्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलेले फोनही शेजारशेजारचे ठिपके एकत्र करून बहुतेक वेळा साडेबाराचाच फोटो देतात. यातून ५० केबी काढायचे म्हणजे जवळजवळ शंभरावा हिस्सा. ते नीट करता येतं. आधी चेहरा क्रॉप करायचा, मग पिक्सेल कमी करायचे आणि सगळ्यात शेवटी क्वालिटीला हात लावायचा. या क्रमानं गेलं तर २०० बाय २३०चा चांगला स्वच्छ फोटो वीस-तीस केबीत बसतो. पण हा क्रम कुठल्या जाहिरातीत लिहिलेला असतो? पोरं उलटीकडून सुरू करतात. फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतात, कारण व्हॉट्सॲप साइझ कमी करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो उतरवून एखाद्या ॲपमधून काढतात, तरी ८० केबी. मग कुठलंतरी संकेतस्थळ, ६० केबी. मग अजून एक. जेपीईजी दर वेळी सेव्ह करताना काहीतरी टाकून देतं आणि टाकलेलं परत येत नाही. रसवंतीवाल्यानं तोच चोथा चौथ्यांदा चरकात घातला तर ग्लासात जे पडेल, ते हॉल तिकिटावर छापून येतं. आणि परीक्षेच्या दिवशी दारावरचा माणूस त्या फोटोकडे बघतो, पोराकडे बघतो, पुन्हा फोटोकडे बघतो.

तरी फोटो-सहीचं एक वेळ निभावतं. खरा छळ दाखल्यांचा आहे.

जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्न, डोमिसाइल. कागद हिरवट किंवा गुलाबी नक्षीचा, त्यावर गोल शिक्का, शिक्क्यावर सही, खाली बारकोड. ए-फोर कागद २०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला २०० ठिपके घेऊन, स्कॅन केला तर १६५४ बाय २३३९ ठिपके होतात आणि सगळं वाचता येतं. पण मर्यादा १०० केबीची, आणि वर अट अशी की स्कॅन रंगीतच हवा. रंग काढून निव्वळ काळं-पांढरं केलं असतं तर अक्षरं ठसठशीत राहून फाइल लहान झाली असती, तो रस्ता तुम्हीच बंद केलाय. कागदावरची नक्षी सगळे बाइट खाऊन टाकते. मग मी ठिपके कमी करत १०० डीपीआयपर्यंत उतरतो. तिथे एका मिलिमीटरला चार ठिपके मिळतात. मराठी टाइपातला अनुस्वार असतो साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे दोन ठिपक्यांचा. त्यावर जेपीईजी आपला हात चालवतं.

हा हात कसा चालतो तेही सांगतो, कारण यात एक अभिमानाची गोष्ट आहे. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाचं गणित करून त्यातला बारीक, झपकन बदलणारा तपशील सगळ्यात आधी सोडून देतं. ज्या गणितावर हे चालतं, त्याला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. नसीर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी ते १९७४ साली मांडलं. नसीर अहमद मूळचे बंगळुरूचे. १९९२मध्ये जेपीईजीचं मानक आलं, तेव्हा डोळ्यासमोर फोटो होते : आकाश, गाल, डोंगर, जिथे रंग हळूहळू बदलतो. तिथे बारीक तपशील गेला तरी डोळ्याला कळत नाही. अक्षराचं तसं नसतं. काळं संपून पांढरं जिथे सुरू होतं ती धार म्हणजेच अक्षर, आणि पहिला घाव बसतो तो धारेवर. म्हणून दाबलेल्या दाखल्यात अक्षरांभोवती राखाडी डाग दिसतात. मात्रा जाडी होते, रफार गायब होतो आणि 'शिंदे'चा 'शिदे' होतो.

मग छाननीच्या टेबलावरून शेरा येतो : 'दस्तऐवज अस्पष्ट. पुन्हा अपलोड करा.' कधी 'नावात तफावत'. पुन्हा अपलोड करायला गेलं की मर्यादा तीच, १०० केबी. एका टेबलानं म्हणायचं जाड आहे, बारीक करा, आणि दुसऱ्यानं म्हणायचं दिसत नाही, परत आणा. दोन्ही टेबलं एकाच खात्याची. मधल्यामध्ये प्रवेशाची फेरी संपते.

दांडेकर पुलाकडून एक ताई येतात. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असतो. त्यांचं रेशन कार्ड त्यांनी जपून लॅमिनेट करून घेतलंय, कारण पावसात एकदा सगळी कागदपत्रं भिजली होती. मोबाइलनं त्याचा फोटो काढला की ट्यूबचा पांढरा पट्टा बरोबर उत्पन्नाच्या रकान्यावर पडतो. स्कॅनरमध्ये ठेवलं तर प्लॅस्टिक चमकतं. मी कार्ड दाराशी नेऊन, तिरपं धरून, सावलीत फोटो काढतो. छान येतो, चार एमबीचा, बोटानं मोठा करून प्रत्येक नाव वाचता येतं. मग त्या चार एमबीचे अडीचशे केबी करताना दोघंही स्क्रीनकडे बघत बसतो. ताई विचारतात, "दादा, मगाचचाच चांगला होता ना, तोच टाका की." बरोबर बोलतात त्या. तो टाकायला काय हरकत आहे, हे त्यांना मी कधीच पटवून देऊ शकलो नाही, कारण मलाच पटलेलं नाही.

अशात काही बारीकसारीक जाचही आहेत, ते पटकन सांगून टाकतो. फाइलच्या नावाचं शेपूट 'जेपीजी' असेल तर चालतं, 'जेपीईजी' असेल तर चालत नाही, आणि आत माल एकच. आयफोन २०१७पासून फोटो मुळात हाइक (एचईआयसी) या वेगळ्या प्रकारात साठवतो, तो तुम्हाला ओळखूच येत नाही. फाइलच्या नावात मोकळी जागा नको, कंस नको. आणि देवनागरी तर मुळीच नको. महाराष्ट्रातल्या मुलीनं फाइलला 'माझी सही' असं नाव दिलं तर महाराष्ट्रातल्या मुलांसाठी बनवलेलं संकेतस्थळ म्हणतं 'अवैध फाइल'. नुसतं 'अवैध फाइल'. साइझ जास्त आहे, कमी आहे, शेपूट चुकलंय की नाव, काही नाही. माझ्या दुकानाबाहेर पाटी आहे : 'केबी किती ते सांगावे. "थोडी कमी करा" म्हणजे किती, हे आम्हांस समजत नाही.' एका झेरॉक्सवाल्याला एवढं स्पष्ट बोलता येतं, तर तुम्हालाही यावं.

आता जरा गंभीर. माझ्याकडे न येणारी पोरं काय करतात? 'फोटो २० केबी' असं शोधतात आणि जे पहिलं संकेतस्थळ उघडेल त्यावर सगळं चढवतात. फोटो, सही, अंगठ्याचा ठसा, आधार, जातीचा दाखला. यातली काही संकेतस्थळं फाइल तुमच्याच ब्राउझरमध्ये लहान करतात, काही ती कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर पाठवतात. कुठलं काय करतं, हे पानाकडे बघून कळत नाही. सगळीकडे सारखंच हिरवं बटण आणि भोवती जाहिराती. शिवाय मोबाइलच्या मूळ फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात, तेही आयते हातात पडतात. दुकानांचंही तेच. पेठेतल्या कुठल्याही सायबरवाल्याचा डेस्कटॉप बघा, शेकडो माणसांचे चेहरे आणि सह्या तिथे एका रांगेत पडलेल्या असतात. मी रात्री शटर ओढायच्या आधी सगळं पुसतो, पण गिऱ्हाईकानं माझ्यावर विश्वास का ठेवावा? वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं २०२३ साली केला. तुमच्या संकेतस्थळाच्या तळाशी गोपनीयता धोरणही असतं, लांबलचक. पण अर्जदाराचा आधार तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच तीन अनोळखी ठिकाणी फिरून येतो, आणि त्याला त्या वाटेवर तुमच्याच अटीनं ढकललेलं असतं.

डिजिलॉकर २०१५ साली सुरू झालं. तिथला दाखला सरकारनंच दिलेला असतो. तरी कित्येक ठिकाणी सांगतात : त्याची प्रिंट काढा, त्यावर सही करा, स्कॅन करा आणि १०० केबी करून चढवा. प्रिंटचे मला पैसे मिळतात, म्हणून याबद्दल जास्त बोलत नाही.

पैशांचं निघालंच आहे तर सांगतो. हे पत्र माझ्याच पोटावर पाय आणणारं आहे. फोटो-सही करून द्यायचे वीस रुपये घेतो, शेवटच्या आठवड्यात त्यावर दुकानाचं लाइटबिल निघतं. बंद झालं तर झेरॉक्स आहे, स्पायरल आहे, टायपिंग आहे. जे काम मुळात कुणालाच करावं लागू नये, त्याचे पैसे घेताना बरं वाटत नाही, एवढंच.

मर्यादा असूच नये, असं मी म्हणत नाही. शेवटच्या रात्री हजारो लोक एकदम येतात, तेव्हा प्रत्येकानं पाच-पाच एमबी ढकलले तर सर्व्हर आडवा होईल, हे मलाही कळतं. त्या रात्री तो तसाही होतोच, पण असो. साठवायला जागा नाही, हे कारण मात्र सांगू नका. समजा पाच लाख अर्ज आले आणि एकेका अर्जाला दोन एमबी दिले, तर झाले दहा लाख एमबी, म्हणजे एक टीबी. तेवढी डिस्क आप्पा बळवंत चौकातून चालत जाऊन तपकीर गल्लीत विकत घेता येते. तुमच्या सर्व्हरची, बॅकअपसकटची डिस्क महाग असते, मान्य. चौपट धरा, दहापट धरा. पाच लाख अर्जांच्या फीपुढे तो आकडा ठेवून बघा. मला तर वाटतं की वीस केबी हा आकडा डायल-अपच्या काळातला आहे. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर वीस केबी चढायला पाचेक सेकंद लागायचे, तेव्हा तो शहाणपणाचा होता. त्यानंतर एका निविदेतून दुसऱ्या निविदेत नुसता चिकटवत आणलाय.

आणि हिंजवडीच्या मित्रांनो, आता तुमच्याशी. तुम्हाला हे शिकवायची माझी पात्रता नाही, पण माझ्याकडे बसणाऱ्या एका कॉम्प्युटरच्या पोरानं मला हे करून दाखवलं, म्हणून बोलतो. ब्राउझरमध्ये कॅनव्हास नावाची चीज असते. निवडलेला फोटो त्यावर हव्या त्या पिक्सेलमध्ये काढायचा, आणि टू-ब्लॉब नावाच्या आज्ञेला शून्य ते एकमधला क्वालिटीचा आकडा देऊन जेपीईजी मागायचं. आलेली फाइल मोठी असेल तर आकडा खाली, लहान असेल तर वर, दर वेळी उरलेल्या टप्प्याच्या मध्यावर. सहा-सात फेऱ्यांत पन्नास केबीच्या जरा आतला, शक्य तितका चांगला फोटो मिळतो. स्वस्त मोबाइलवरही फार वेळ लागत नाही. आणि हे सगळं चढवायच्या आधी, अर्जदाराच्याच फोनमध्ये. म्हणजे शेवटच्या रात्री तुमच्या सर्व्हरवर पन्नास केबीच येणार. फोटोत लपलेलं ठिकाणही यात आपोआप गळून पडतं. ज्यांचा ब्राउझर जुना, त्यांच्यासाठी सर्व्हरवर इमेजमॅजिक नावाचा प्रोग्रॅम आहे, फुकट आहे, आणि इतक्या केबीत बसव असं सांगायचा पर्याय त्यात तयार आहे. क्रॉप करायची चौकट तर तुम्ही खाण्याच्या आणि लग्न जमवायच्या ॲपमध्ये रोज देता. हे सगळं तुम्हाला येतं. निविदेत लिहिलेलं नव्हतं म्हणून केलं नाही, हेही मला माहीत आहे.

म्हणून पुन्हा साहेबांकडे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. अर्ज दाखल झाल्यापासून ठरलेल्या दिवसांत सेवा मिळायला हवी, असं तो सांगतो. पण अपलोडपाशी अडलेला अर्ज दाखलच होत नाही, त्याचे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. तुमच्या अहवालात तो प्रलंबित नसतो आणि नामंजूरही नसतो. तो फक्त माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसलेला असतो.

पुढच्या निविदेत घालायचा मजकूर मीच लिहून देतो, भाषा तुमचीच वापरली आहे :

'अर्जदाराने भ्रमणध्वनीवर काढलेली, कोणत्याही प्रचलित प्रकारातील व १० एमबीपर्यंतची प्रतिमा संकेतस्थळाने स्वीकारावी. आवश्यक ते आकारमान संकेतस्थळाने स्वतः करून घ्यावे. तयार झालेली प्रतिमा छाननी अधिकाऱ्यास जशी दिसेल तशीच अर्जदारास दाखवून त्याची संमती घ्यावी. प्रतिमेस किमान केबीची अट असू नये. दस्तऐवजांकरिता कमाल मर्यादा ठरविण्यापूर्वी प्रत्यक्ष दाखल्यावर चाचणी घेऊन नाव, क्रमांक व शिक्का वाचता येतो याची खातरजमा करावी. प्रतिमा नाकारल्यास नेमके कारण मराठीत दर्शवावे.'

चाचणीसाठी दाखला हवा असेल तर नक्षीचा हिरवा कागद, आडवा शिक्का आणि नावात दोन अनुस्वार असलेला निवडा. तो ज्या मर्यादेत वाचता येईल, ती मर्यादा ठेवा. आणि तोवर निदान सहीची दहा केबीची अट तरी उद्याच्या उद्या काढून टाका. तिला निविदा लागत नाही, एक ओळ खोडावी लागते.

कळावे,

आपला,
एक झेरॉक्सवाला
सदाशिव पेठ, पुणे ३०